मिस्त्रींचा उजवा डोळा

आमच्या ह्यांनी कॅमेरा घेतला ही बातमी मला शेजारणीनं दिली, तेव्हा मी तिलाच वेड्यात काढलं. म्हटलं, अगं, ज्या माणसाला मोबाइल उचलायचा म्हटलं की वाजायचा थांबेपर्यंत बटणच सापडत नाही, तो कॅमेरा कशाला घेईल? दुसरं कुणीतरी असेल. आणि संध्याकाळी बघते तर हे दारात उभे. गळ्यात काळा पट्टा, पट्ट्याला कॅमेरा, आणि चेहरा असा की जणू कोपऱ्यावरून भाजी घेऊन आलेत.

"अहो, हे काय?" मी ओरडलेच.

"पुरावा," हे म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

आता हे कोण ते सांगते. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. फरशी बसवतात. आयुष्य गुडघ्यांवर गेलं. ह्यांच्या कामात दोरी असते, पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हलची पट्टी असते, रबरी हातोडी असते, सगळं असतं. पण शेवटचा शब्द ह्यांच्या उजव्या डोळ्याचा. ओळ बसवून झाली की दोरी काढायची, जमिनीला गाल टेकेल इतकं वाकायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं पार टोकापर्यंत नजर लावायची. कुठे केसभर पुढेमागे वाटलं की खालचा सिमेंटचा माल ओला आहे तोवर हातोडीनं टुक टुक. "दोरी ढिली पडते, डोळा पडत नाही," असं हे म्हणायचे. नम्रपणा वगैरे आमच्याकडे औषधालाही नाही. आमचा मुलगा ह्यांच्याच हाताखाली तयार झाला, चांगला हात आहे त्याचा, पण त्याला कधी शेवटची नजर लावू दिली असेल तर शपथ. "तू माल कालव," एवढंच.

तर झालं होतं असं. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, ह्यांनी फरशी बसवली. काम संपलं, माल सुकला, आणि डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, मधली ओळ वाकडी आहे हो. खुर्च्यांच्या समोर बघा, लाट आल्यासारखी दिसते."

ह्यांनी तिथल्या तिथे ऐकवलं, "डॉक्टर, तुम्ही दात सरळ करा. फरशीचं मी बघतो."

गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? पण बोलले. मग जमिनीवर आडवे झाले, उजवा डोळा लावला आणि जाहीर केलं की ओळ सुतासारखी सरळ आहे. मुलानं हळूच सांगितलं, "बाबा, मलाही जरा वाकडी वाटतेय." त्यावर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी कानाआड केली असती. पण आमच्या लेकीचं घर बांधून होत आलं होतं. त्या घराची फरशी बाप बसवणार, हे घराचा पाया खणायच्याही आधी ठरलेलं. लेकीच्या कानावर दवाखान्याची गोष्ट गेली आणि ती फोनवर मला म्हणाली, "आई, बाबांचं वय झालं आता. फरशी दादालाच बसवू दे ना. बाबांनी नुसतं खुर्चीवर बसून बघावं." हे माझ्या मागेच उभे होते. सगळं ऐकलं. काही बोलले नाहीत, आणि न बोलणं हे ह्यांच्या बाबतीत फार वाईट लक्षण.

त्यानंतर हा कॅमेरा आला. दवाखान्यातल्या ओळीचा नीट फोटो काढायचा, तो मोठा करून डॉक्टरांच्या, मुलाच्या आणि लेकीच्या नाकासमोर धरायचा, असा बेत. माणूस खोटं बोलेल, कॅमेरा बोलणार नाही.

कॅमेरा जुनाच होता, पण चांगला. चौकातल्या फोटो स्टुडिओच्या बाईंनी दिला. त्या रविवारी सकाळी स्टुडिओच्या मागच्या खोलीत नवशिक्यांचा वर्ग घेतात. सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात आमचे हे, सिमेंटचे डाग पडलेली पँट घालून. पहिल्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. म्हटलं, मजा तरी बघू.

आणि तोंडात बोट घालायची वेळ आली! ह्यांना सगळं कळत होतं. बाईंनी सांगितलं, भिंगाच्या आत एक भोक असतं, ते मोठं केलं की उजेड जास्त येतो, पण मग समोरचं नेमकं तेवढंच स्पष्ट दिसतं आणि मागचं पुसट होतं. हे लगेच म्हणाले, "म्हणजे मला भोक बारीक पाहिजे. मला पहिली टाइल आणि शेवटची टाइल, दोन्ही स्वच्छ पाहिजेत." बाई खूश. मग शटर आलं. झडप उघडून मिटायला किती वेळ घेते त्यावर उजेड ठरतो. जास्त वेळ उघडी राहिली आणि हात हलला तर फोटोही हलतो. "फरशी हलत नाही, मी कॅमेरा जमिनीवर ठेवीन," हे म्हणाले. मग आयएसओ. उजेड कमी असेल तर तो आकडा वाढवायचा, पण फार वाढवला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. हे म्हणाले, "नको. मला दाणे नकोत. मी दिवा नेईन." पोरं हसली, पण टिंगल करून नाही. मला तर आपण कुणाबरोबर संसार केला तेच कळेना.

एका गोष्टीवर मात्र हे अडून बसले. पोरं कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनमध्ये बघून फोटो काढत होती. हे म्हणाले, मी त्या छोट्या खिडकीला डोळा लावूनच बघणार. "दोन डोळ्यांनी बघतं ते गिऱ्हाईक. मिस्त्री एका डोळ्यानं बघतो." बाई म्हणाल्या, बघा की, काहीच हरकत नाही. त्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं, आपल्या नजरेप्रमाणे ते फिरवून घ्यायचं, आतली अक्षरं स्वच्छ दिसली की थांबायचं. बाकीच्यांचं चुटकीसरशी झालं. हे आपले फिरवतायत, फिरवतायत. शेवटी म्हणाले, "चाक झिजलंय बहुतेक." बाईंनी बघितलं. चाक ठणठणीत होतं.

पुढच्या आठवड्याला घरचा अभ्यास मिळाला, जवळच्या माणसाचा चेहरा. जवळची म्हणजे मीच. खिडकीपाशी स्टुलावर बसवलं मला. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा लावला. पुन्हा खाली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. जरा हस बघू."

हसले.

"दोन्ही हात वर कर."

"फोटोला हात कशाला वर?"

"कर गं बाई, सांगतो ते कर!"

केले. मग म्हणाले, जीभ दाखव. आता मात्र माझं डोकं सणकलं. मी स्टुलावरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. हे मागोमाग आले आणि असं काही म्हणाले की माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "अगं, तुझं नाक एका बाजूला ओढल्यासारखं दिसतंय. ओठपण. आपण उद्या डॉक्टरकडे जाऊ."

मी आरशात बघितलं. होतं तेच नाक. लग्नात पसंत केलेलं. मी म्हटलं, या वयात बायकोच्या नाकात खोड सापडली का? पण हे काही ऐकेनात. रोज घोशा लावला. जेवता जेवता डावा डोळा मिटायचे आणि माझ्याकडे बघायचे. बघितलं की घास तिथेच ठेवायचे. लोकांना वाटलं असेल म्हातारा डोळा मारतोय! शेवटी कटकट मिटावी म्हणून मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातपाय हलवायला लावले, गाल फुगवायला लावले, रक्त तपासलं, आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. मिस्त्रींना जरा कमी काळजी करायला सांगा." परत येताना मी रस्ताभर ह्यांना फैलावर घेतलं. हे मान खाली घालून चालत होते. एकदाच म्हणाले, "माझा उजवा डोळा कधी चुकलाय का?"

माझा फोटो मात्र चांगला आला होता. नाक जिथल्या तिथे. त्यावर ह्यांचं म्हणणं काय, तर कॅमेरा ऑटोवर होता. ऑटो आपलं आपणच सगळं दुरुस्त करून टाकतं. मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ऑटो उजेडाचा हिशोब करतं, नाकाचा नाही. ह्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वरची चकती फिरवून एम वर आणली. एम म्हणजे सगळं हातानं, कॅमेऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही.

मग आला पुराव्याचा दिवस. दवाखाना बंद असताना दातांच्या डॉक्टरांनी किल्ली दिली. हे, मी आणि मुलगा गेलो. ह्यांनी भोक बारीक केलं, आयएसओ खाली आणला, कॅमेरा जमिनीवर उलट्या वाटीवर टेकवून ठेवला, आडवे झाले, उजवा डोळा लावला. "सुतासारखी!" म्हणाले आणि बटण दाबलं. फोटो मागच्या स्क्रीनवर आला, तिघांनी डोकी घातली.

ओळ वाकडी होती. थोडीथोडकी नाही. मधोमध पोट आल्यासारखी.

  हे म्हणाले, "भिंग वाकवतं. बाई म्हणाल्या होत्या, रुंद भिंगात कडेच्या रेघा वाकतात." मुलगा म्हणाला, "बाबा, पण ही कडेची नाही, मधली आहे."

आणि माझी जीभ सुटली. म्हटलं, "वा! म्हणजे तुमचा कॅमेरा फरशी वाकडी करतो आणि बायकोला सरळ करतो? असा कसा हो तुमचा कॅमेरा?"

मी आपली चिडून बोलले होते. त्यात किती खरं होतं हे मला रविवारी कळलं.

रविवारी हे वर्गात तावातावानं गेले. मी बरोबर गेले, कारण ह्यांचा सूर भांडणाचा होता. बाई त्या दिवशी चौकट कशी धरायची ते शिकवणार होत्या. त्यांनी सगळ्यांना मेन्यूमधून एक सेटिंग चालू करायला सांगितलं. त्यानं आत बघितलं की चित्रावर उभ्या-आडव्या बारीक रेघा दिसतात, चौकडीच्या कागदासारख्या. आपलं चित्र सरळ आहे की नाही ते त्या रेघांवरून बघायचं. ह्यांनी सेटिंग चालू केलं, डोळा लावला, आणि विजयी आवाजात ओरडले, "सापडलं! बाई, तुमच्या कॅमेऱ्याच्या रेघाच वाकड्या आहेत!"

पोरं हसली. बाईंनी कॅमेरा घेतला, बघितलं. "सरळ आहेत, मिस्त्री."

"वाकड्या आहेत. मधे चुरगळल्यासारख्या."

शेजारच्या मुलीनं बघितलं. सरळ. मी बघितलं. सरळ. ह्यांनी हिसकावून पुन्हा लावला. "अहो, ढळढळीत वाकड्या!"

बाईंचं हसू हळूहळू गेलं. त्या जवळ आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मिस्त्री, डावा डोळा लावून बघा."

"मी डाव्यानं कधी बघत नाही."

"एकदाच."

ह्यांनी कॅमेरा डावीकडे सरकवला. उजवा डोळा मिटायला जमेना, तळहातानं झाकला.  हे बघत राहिले. मग पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मग कॅमेरा टेबलावर ठेवला, अगदी हळू, आणि खाली बसले. माझ्याकडे बघितलं. मी ह्यांना बापाच्या मरणात बघितलंय, पण असा चेहरा बघितला नव्हता.

"सरळ आहेत," हे म्हणाले. "रेघा सरळ आहेत."

 बाईंनीच रिक्षा बोलावली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत यंत्रावर तपासलं आणि मग ह्यांच्या हातात एक पुठ्ठा दिला. पुठ्ठ्यावर नुसते चौकोन, मधे एक ठिपका. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. हे उजव्या डोळ्यानं बघून म्हणाले, "कुणी बसवली ही फरशी? उखडून टाका." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, अगदी मधोमध, सूज आहे. पडद्याखाली पाणी झिरपतंय, त्यामुळे पडदा उचलला गेलाय. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते.

"म्हणजे फरशीखाली ओल आलीय आणि टाइल फुगलीय," हे म्हणाले.

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. तुम्हाला एका डोळ्यानं बघायची सवय आहे म्हणून निदान कळलं तरी. अजून उशीर झाला असता तर मधे काळा डाग पडला असता, आणि तो गेला नसता. आता इंजेक्शनं देऊ. डोळ्यात."

"डोळ्यात?" मीच किंचाळले. 

"रेघा सरळ होतील?" ह्यांनी विचारलं.

"थांबवता येईल असं वाटतं. सरळ किती होतील ते मी आत्ता सांगू शकत नाही."

बाहेर बाकावर बसलो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यातली ओळ दोरीला धरून सरळच बसली होती. ह्यांनी दोरी काढून उजवा डोळा लावला, ओळ वाकडी दिसली, आणि हातोडीनं ठोकून ठोकून ह्यांनी ती आपल्या डोळ्यापुरती सरळ केली. म्हणजे सरळ काम स्वतःच्या हातानं वाकडं केलं. आणि माझं नाक?

"मला वाटलं तुला काहीतरी होतंय," हे बाकावर बसून जमिनीकडे बघत म्हणाले. "अर्धांगाच्या झटक्याची लक्षणं अशीच असतात, ऐकलं होतं. रोज जास्त वाकडं दिसायचं. मला वाटलं, डॉक्टरांना कळत नाहीये, आणि तू एक दिवस अशीच बसल्या जागी जाशील." आणि हा माणूस, दातांच्या डॉक्टरांना उलटं बोलणारा, तिथे सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मी रस्ताभर किती बोलले होते त्यांना! मीपण रडले. स्वतःच्या डोळ्याला काही झालं असेल असं ह्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं, बायको मरेल असं वाटलं होतं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. ती काही सांगत बसत नाही, आठवलं तरी अंगावर काटा येतो. दातांच्या डॉक्टरांकडे हे स्वतः गेले, "तुमचं बरोबर होतं," म्हणाले, आणि मुलानं ती ओळ उखडून पुन्हा बसवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो चौकोनांचा पुठ्ठा भिंतीवर लावून रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं होतं. हे पुठ्ठा बघायचे, पण त्यावर ह्यांचा भरवसा नाही. पुठ्ठा झाला की मला खिडकीपाशी स्टुलावर बसवायचे, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवायचे आणि उजव्यानं बघायचे.

"काय म्हणतंय नाक?" मी विचारायची.

"अजून ओढलेलं आहे. कालच्यापेक्षा कमी."

आणि लेकीच्या फरशीचा निकाल ह्यांनीच लावला. मुलाला समोर बसवून म्हणाले, "ज्या दिवशी ओळ धरायची त्या सकाळी तुझ्या आईचं नाक मला जागेवर दिसलं, तर नजर मी लावणार. नाही दिसलं तर तू." मी म्हटलं, डावा डोळा धडधाकट आहे की तुमचा, त्यानं लावा! हे म्हणाले, डाव्यानं करून बघितलं, हातोडी भलतीकडेच पडते. ज्या हाताला जो डोळा माहीत आहे तोच.

ती सकाळ आली. मुलगा दारात हत्यारांची पिशवी घेऊन थांबला होता. लेकीचा दोनदा फोन येऊन गेला. हे दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आले. मी स्टुलावर बसले. मला मेलीला धडधडत होतं, जसा काही माझाच निकाल होता. ह्यांनी तळहात डोळ्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाले, "सरळ! एकदम सरळ आहेस तू आज!"

मुलगा हसला. "मग चला बाबा!"

मीही हसणार होते. पण मी ह्यांच्या समोर बसले होते, आणि तळहात उजव्या डोळ्यावर होता.

मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. संसारात ह्यांनी माझ्याशी भांडण केलं, अबोला धरला, पण कामाच्या बाबतीत खोटं कधी बोलले नाहीत. क्षणभर वाटलं, जाऊ दे. आपल्याच लेकीचं घर आहे. एखादी ओळ गेली वाकडी तर कोण मोजायला येतंय! मुलाला काही दिसलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "हात बदला."

हे तसेच बसले. मग हळूच उजव्या डोळ्यावरचा हात काढला आणि डाव्यावर ठेवला. किती वेळ बघत होते माझ्याकडे! मी नाक हलवलं नाही, श्वाससुद्धा घेतला नाही.

मग ह्यांनी हात खाली घेतला, उठले, पिशवीतून दोरीचं बंडल काढलं आणि मुलाच्या हातात दिलं.

"नजर तू लाव," म्हणाले. "मी माल कालवतो."